यिन-यांग : संबंधांची भाषा आणि सिद्धान्ताचा दावा

प्रस्तावना

चिनी तत्त्वज्ञानाचा परिचय करून देणाऱ्या अनेक पुस्तकांत यिन-यांग या जोडसंकल्पनेचे विवेचन एका तक्त्याने सुरू होते. एका रकान्यात स्त्री, चंद्र, रात्र, थंडी, ओलावा, निष्क्रियता. दुसऱ्या रकान्यात पुरुष, सूर्य, दिवस, उष्णता, कोरडेपणा, सक्रियता. तक्त्याजवळ परस्परांत गुंफलेल्या दोन माशांसारखे काळे-पांढरे वर्तुळ छापलेले असते आणि विश्व या दोन शक्तींच्या समतोलावर चालते, असा निष्कर्ष दिलेला असतो. अध्यापनाच्या सोयीसाठी ही मांडणी उपयुक्त वाटते. तथापि तिच्यामुळे तीन गैरसमज रूढ झाले आहेत. पहिला, यिन आणि यांग ही दोन द्रव्ये किंवा दोन ऊर्जा आहेत. दुसरा, त्यांच्यातील नाते नेहमीच समतेचे होते. तिसरा, या संकल्पनेच्या आधारे रोगाचे सुसंगत वर्णन करता आले म्हणजे उपचाराची सत्यताही सिद्ध झाली.

प्रस्तुत लेखात या तीन गैरसमजांची क्रमाने चिकित्सा करावयाची आहे. यिन-यांग ही मूलतः संबंध सांगणारी भाषा आहे, हे लेखाचे प्रतिपादन आहे. भाषा म्हणून ती समृद्ध आहे. परंतु तिला समाजाचा नियम किंवा उपचाराचा पुरावा मानले की तिच्याकडून चुकीचे काम करून घेतले जाते. हा प्रश्न केवळ चीनपुरता राहिलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१९ मध्ये मान्यता दिलेले आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेले रोगांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आपल्या २६ व्या प्रकरणात यिन-यांगवर आधारित निदानसंज्ञांना स्थान देते. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी यांच्या संज्ञांचा त्याला जोडलेला विभाग १० जानेवारी २०२४ रोजी नवी दिल्ली येथे प्रकाशित झाला. त्यामुळे पारंपरिक वैद्यकाची परिभाषा कशी वाचावी, हा प्रश्न आपल्याही अभ्यासाचा भाग झाला आहे.

शब्दार्थ : डोंगर, नदी आणि ऊन

‘यिन’ या शब्दाचा मूळ अर्थ डोंगराची सावलीतील बाजू असा आहे आणि ‘यांग’ म्हणजे उन्हातील बाजू. प्राचीन काव्यसंग्रह ‘शिजिंग’मध्ये हे शब्द याच भौगोलिक अर्थाने आढळतात. चिनी संस्कृतीच्या मूळ प्रदेशात सूर्य आकाशात दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे डोंगराचा दक्षिण उतार यांग आणि उत्तर उतार यिन ठरतो. नदीच्या बाबतीत हे नेमके उलटते. नदीचा उत्तर काठ दक्षिणेकडून येणारे ऊन घेतो, म्हणून तो यांग. दक्षिण काठ यिन. लुओ नदीच्या उत्तरेस वसलेले नगर लुओयांग, तर हुआ पर्वताच्या उत्तरेस वसलेले गाव हुआयिन. दोन्ही ठिकाणे उत्तरेसच आहेत, परंतु एकाच्या नावात यांग आहे आणि दुसऱ्याच्या नावात यिन.

या स्थलनामांतून संकल्पनेचे स्वरूप स्पष्ट होते. उत्तर दिशा यिन की यांग, या प्रश्नाला उत्तर नाही. कशाच्या उत्तरेस, हे आधी विचारावे लागते. शिवाय सकाळी उन्हात असलेला उतार संध्याकाळी सावलीत जातो. म्हणजेच यिन व यांग ही वस्तूंची नावे नसून वस्तूंच्या परस्परसापेक्ष स्थितीची नावे आहेत. वैद्यकातील प्रमाणग्रंथ ‘हुआंगदी नेइजिंग’ हेच तत्त्व पुढे नेतो. त्याच्या ‘सूवेन’ या भागाच्या चौथ्या प्रकरणात दिवस यांग मानला आहे. पण पहाटेपासून दुपारपर्यंतचा काळ यांगमधील यांग आणि दुपारपासून संध्याकाळपर्यंतचा काळ यांगमधील यिन असा पोटविभाग केला आहे. शरीराची पाठ यांग, परंतु पाठीच्या बाजूचे मानलेले हृदय यांगमधील यांग आणि फुप्फुस यांगमधील यिन. दोन रकान्यांच्या तक्त्यात हे वर्गीकरण बसू शकत नाही, कारण येथे प्रत्येक गोष्टीचे पुन्हा दोन भाग पडतात.

तत्त्वज्ञानातील विस्तार

यिन-यांग विचाराचा उगम ‘यीजिंग’मध्ये आहे, असे सरसकट सांगितले जाते. अखंड व खंडित रेषांच्या ६४ षट्‌रेखाकृती असलेल्या या ग्रंथाच्या मूळ संहितेत मात्र यिन-यांग ही जोडी तत्त्व म्हणून येत नाही. रेषांचा अर्थ यिन-यांगच्या भाषेत सांगण्याचे काम नंतर जोडलेल्या भाष्यांनी, विशेषतः ‘शीत्सी’ या परिशिष्टाने केले. ‘दाओदेजिंग’मध्ये हे दोन शब्द केवळ ४२ व्या प्रकरणात एकत्र येतात. इ. स. पू. तिसऱ्या शतकातील त्सोऊ यान या विचारवंताचे नाव यिन-यांग आणि पंचावस्था यांच्या एकत्रित मांडणीशी जोडले जाते. परंतु त्याचे ग्रंथ नष्ट झाले असून सिमा छियानच्या इतिहासग्रंथातील वृत्तान्तावरच आपल्याला प्रामुख्याने अवलंबून राहावे लागते. अकराव्या शतकात झोऊ दुनयी (१०१७-१०७३) याने गती व स्थिती यांच्या आवर्तनातून यांग व यिन यांची उत्पत्ती सांगितली. आज सर्वपरिचित असलेली माशांच्या आकाराची आकृती त्याची नव्हे. ती मिंग काळापासून प्रचारात आली. एका चित्रावरून दोन हजार वर्षांच्या विचाराचा अर्थ लावण्यातील धोका यावरून लक्षात यावा.

आधुनिक अभ्यासकांपैकी जोसेफ नीडहॅम यांनी ‘सायन्स अँड सिव्हिलायझेशन इन चायना’च्या १९५६ मधील दुसऱ्या खंडात या विचाराला यांत्रिक कार्यकारणभावापेक्षा वेगळी, सेंद्रिय विश्वदृष्टी मानले. ए. सी. ग्रॅहम यांनी १९८६ मध्ये अधिक काटेकोर भूमिका घेतली. जोड्या लावून विचार करणे ही सर्वच मानवी भाषांची प्रवृत्ती आहे. चिनी विचारवंतांनी ती स्पष्ट व्यवस्थेत मांडली, असे त्यांच्या विवेचनाचे सार सांगता येईल. प्रस्तुत लेखकाला ग्रॅहम यांची दिशा अधिक ग्राह्य वाटते, कारण ती या संकल्पनेला गूढतेच्या वलयातून बाहेर काढते.

भारतीय वाचकाला येथे सांख्यदर्शनातील पुरुष-प्रकृतीची आठवण होणे स्वाभाविक आहे. तथापि हे साम्य वरवरचे आहे. सांख्यात पुरुष हा निष्क्रिय साक्षी आणि प्रकृती क्रियाशील आहे. यिन-यांगच्या रूढ मांडणीत क्रियाशीलता यांगकडे, म्हणजे पुरुषवाचक बाजूकडे आहे. पुरुष कधीही प्रकृती होत नाही. यांग मात्र परमावधीला पोचल्यावर यिनमध्ये परिणत होतो. सांख्याचे साध्य दोहोंचा विवेक, म्हणजे वेगळेपणाचे ज्ञान हे आहे. चिनी परंपरेचे साध्य दोहोंचा मेळ. दोन द्वंद्वे समोरासमोर ठेवली म्हणजे ती एकच होतात, असे मानणारी तौलनिक पद्धती येथे अपुरी पडते.

समतोल की उतरंड?

यिन-यांग म्हणजे परस्परपूरक समता, ही धारणा आधुनिक काळात विशेष लोकप्रिय झाली. डेन्मार्कचे भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांनी १९४७ साली आपल्या मानचिन्हात हे वर्तुळ घेतले, तेव्हा विरोधी वर्णने परस्परांना पूरक असतात हाच अर्थ त्यांना अभिप्रेत होता. परंतु हान काळातील राजकीय तत्त्वज्ञान वेगळी कथा सांगते. दोंग झोंगशू (सुमारे इ. स. पू. १७९-१०४) याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या लेखनात यांग श्रेष्ठ आणि यिन कनिष्ठ ठरते. राजा, पिता आणि पती यांग; प्रजाजन किंवा अमात्य, पुत्र आणि पत्नी यिन. निसर्गातील ऊन-सावलीचे नाते अशा प्रकारे आज्ञा व आज्ञापालन यांचे नाते झाले. इ. स. पहिल्या-दुसऱ्या शतकांच्या संधिकाळातील विदुषी बान झाओ हिने मुलींसाठी लिहिलेल्या उपदेशग्रंथात यांगचा गुण कठोरता आणि यिनचा उपयोग मार्दव, या विभागणीवरूनच पतिपत्नींचे वर्तन ठरविले आहे. इतिहासलेखन पुढे नेणाऱ्या स्त्रीनेच हे लिहावे, यावरून या भाषेची पकड किती घट्ट होती याची कल्पना येते.

रॉबिन वांग यांनी २००५ मधील लेखात दोंग झोंगशूने मूळच्या मेळाच्या कल्पनेचे रूपांतर वर्चस्वाच्या कल्पनेत केले, असे दाखविले आहे. हे प्रतिपादन महत्त्वाचे आहे. मात्र ते पूर्णतः स्वीकारता येत नाही. ‘शीत्सी’ या भाष्याचा आरंभच आकाशाची उच्चता आणि भूमीची नीचता यांच्या उल्लेखाने होतो. उलटपक्षी ‘दाओदेजिंग’ मृदू व नम्र तत्त्वाला कठोरावर विजय मिळविणारे मानते. याचा अर्थ असा की, एकाच जोडीचे श्रेणीबद्ध आणि श्रेणीविरोधी असे दोन्ही वाचन प्राचीन परंपरेतच उपलब्ध होते. भाषेने निर्णय दिला नव्हता. निर्णय सत्तेने दिला आणि भाषेने त्याला निसर्गाचे अधिष्ठान पुरविले. ‘समतोल’ हा शब्द ऐकताच तराजूची दोन्ही पारडी सारखी आहेत असे गृहीत धरणे म्हणूनच योग्य नाही. तराजू कोणाच्या हाती आहे, हेही पाहिले पाहिजे.

वैद्यकातील उपयोजन

चांगशा नगराजवळील मावांगदुई येथील उत्खननात १९७३ साली इ. स. पू. १६८ मध्ये बंद झालेल्या थडग्यातून वैद्यकविषयक हस्तलिखिते मिळाली. त्यांत शरीरातील ११ वाहिन्यांचे वर्णन यिन आणि यांग अशा विभागणीने आले आहे. पुढे ‘हुआंगदी नेइजिंग’मध्ये त्या १२ झाल्या : सहा यिन आणि सहा यांग. वाहिन्यांची व्यवस्था एकाच वेळी साक्षात्काराने प्रकट झाली नाही, तर ती टप्प्याटप्प्याने घडली आणि घडताना तिला सममिती प्राप्त झाली, हे या शोधामुळे दिसून आले. अकराची संख्या बारा होण्यामागे शरीराच्या निरीक्षणाचा वाटा किती आणि सममितीच्या ओढीचा किती, हा प्रश्न विचारणे अनुचित ठरणार नाही.

तरीही या भाषेने वैद्याला विचाराची शिस्त दिली, हे मान्य केले पाहिजे. इ. स. २०० च्या सुमारास झांग झोंगजिंग याने ‘शांगहान लुन’मध्ये तापाच्या विकारांची मांडणी तीन यांग आणि तीन यिन अशा सहा अवस्थांत केली. रोग सुरू झाल्यावर तो पुढे कसा सरकतो, कोणत्या टप्प्यावर घाम आणावा, कोणत्या टप्प्यावर रेचन द्यावे आणि कोणत्या टप्प्यावर शरीराला ऊब द्यावी, याचा विचार त्यामुळे शक्य झाला. औषधयोजनेतही हे तर्कशास्त्र दिसते. झांग झोंगजिंगच्या आठ घटकांच्या एका गोळीतून दालचिनीच्या वर्गातील द्रव्य आणि बचनागाच्या वर्गातील मूळ, ही दोन उष्ण द्रव्ये सोंग काळातील बालवैद्य छियान यी याने वगळली. बालकाचे शरीर मुळातच यांगप्रधान असते, त्याला आणखी उष्णता नको, ही त्यामागची भूमिका. उरलेल्या सहा घटकांची ‘लिउवेइ दिहुआंग’ गोळी १११९ मधील ग्रंथात नोंदली गेली आणि पुढे यिन-पोषणाचे प्रातिनिधिक औषध ठरली. पूर्वसूरींची कृती तपासून तिच्यात सकारण बदल करण्याची ही पद्धत बौद्धिकदृष्ट्या निश्चितच आदरणीय आहे.

एकच परिभाषा, परस्परविरोधी निष्कर्ष

तथापि त्याच परंपरेतील एक मोठा वाद या भाषेची मर्यादा दाखवितो. युआन काळातील झू झेनहेंग (१२८१-१३५८) याने माणसात यांगचे नेहमी आधिक्य आणि यिनची नेहमी कमतरता असते, असा सिद्धान्त मांडला. त्यानुसार यिनचे पोषण आणि अंतर्गत अग्नीचे शमन हे उपचाराचे सूत्र झाले. मिंग काळातील झांग जिएबिन (१५६३-१६४०) याने त्याला विरोध केला. यांग हाच जीवनाचा मोठा ठेवा असून तो अधिक होण्याची नव्हे, तर क्षीण होण्याची भीती बाळगावी, असे त्याचे म्हणणे. म्हणून त्याने शीत द्रव्यांच्या अतिवापरावर टीका केली आणि उष्ण, पोषक द्रव्यांचा पुरस्कार केला. गंमत अशी की, स्वतः झांग जिएबिन यिनचे पोषण करणाऱ्या ‘शूदी’ या मुळाचा इतका वापर करी की त्याला ‘झांग शूदी’ हे टोपणनाव पडले. यांगला यिनचा आधार लागतो, असे स्पष्टीकरण त्यासाठी उपलब्ध होतेच.

दोन्ही वैद्य विद्वान होते, दोघांनीही ‘नेइजिंग’चा आधार घेतला आणि दोघांचेही प्रतिपादन अंतर्गत सुसंगत होते. मग बरोबर कोण? यिन-यांगच्या परिभाषेत या प्रश्नाचे उत्तर देण्याची सोय नाही. उष्ण औषधाने रुग्ण बरा झाला तर यांगची कमतरता होती. शीत औषधाने बरा झाला तर यिनची. बरा झाला नाही तर निदान चुकले. जी भाषा प्रत्येक परिणामाचे वर्णन करू शकते, ती दोन परिणामांपैकी कोणता घडेल हे आधी सांगू शकत नाही. हा दोष वैद्यांच्या बुद्धीचा नसून, वर्णनाच्या साधनाकडून प्रमाणाचे काम करून घेण्याचा आहे.

विसाव्या शतकातील वाद

ही टीका पाश्चात्त्यांनी बाहेरून केलेली आहे, असा आक्षेप घेतला जातो. वस्तुस्थिती तशी नाही. जपानमध्ये आधुनिक वैद्यक शिकलेले यू युनशिउ यांनी १९१७ मध्येच ‘नेइजिंग’च्या सिद्धान्तांवर कठोर टीका करणारा ग्रंथ लिहिला. १९२२ मध्ये युन तिएछियाओ यांनी त्याला दिलेले उत्तर आजही विचारार्ह आहे. ‘नेइजिंग’मधील पाच अंतर्गत इंद्रिये म्हणजे रक्तमांसाचे अवयव नव्हेत, ती चार ऋतूंच्या क्रमाशी जोडलेल्या कार्यांची नावे आहेत, असे त्यांनी सांगितले. या बचावाने ग्रंथाची अर्थपूर्णता वाचली. परंतु त्याची किंमतही मोजावी लागली. इंद्रिये अवयव नसतील, तर अवयवांच्या रोगांविषयीचा ग्रंथाचा अधिकार स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागतो.

१९२९ च्या आरंभी नानजिंग सरकारच्या आरोग्य समितीपुढे यू युनशिउ यांनी जुने वैद्यक क्रमाने बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. १७ मार्च १९२९ रोजी शांघाय येथे देशभरातील वैद्यांचे अधिवेशन भरले आणि प्रस्ताव अमलात येऊ शकला नाही. कम्युनिस्ट राजवटीने वेगळा मार्ग निवडला. १९५६ साली बीजिंग, शांघाय, ग्वांगझौ आणि चेंगदू येथे चिनी वैद्यकाची महाविद्यालये स्थापन झाली आणि नव्या पाठ्यपुस्तकांतून यिन-यांगला प्राथमिक स्वरूपाचा भौतिकवादी द्वंद्ववाद म्हणून मान्यता मिळाली. दोंग झोंगशूच्या काळात राजसत्तेला उपयोगी पडलेली भाषा आता क्रांतीच्या सत्तेलाही उपयोगी पडली. तिची लवचीकता येथे पुन्हा दिसते. आज जे ‘पारंपरिक चिनी वैद्यक’ म्हणून जगभर शिकविले जाते, त्याची सुबक व एकसंध रचना मोठ्या प्रमाणात याच काळातील पाठ्यपुस्तकांनी घडविली आहे.

पुराव्याची कसोटी

या संदर्भात दोन उदाहरणे परस्परांना पूरक ठरतात. पहिले आर्टेमिसिनिनचे. मलेरियावरील औषधासाठी चीनने २३ मे १९६७ रोजी ‘प्रकल्प ५२३’ सुरू केला. संशोधिका तु यूयू यांना चौथ्या शतकातील गे होंगच्या तातडीच्या उपचारांच्या पुस्तिकेत ‘छिंगहाओ’ ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून तिचा रस घेण्याची कृती आढळली. उकळल्यामुळे गुण नष्ट होत असावा, हे त्यावरून त्यांच्या लक्षात आले. ईथर वापरून कमी तापमानात काढलेला अर्क १९७१ मध्ये प्रभावी ठरला, १९७२ मध्ये शुद्ध द्रव्य वेगळे झाले आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंपरेच्या ग्रंथाने येथे मौल्यवान दिशा दिली. मात्र ज्या नोंदीने ती दिली, तिच्यात कृती आहे, यिन-यांगची मीमांसा नाही. आणि औषध सिद्ध झाले ते प्रयोगाने.

दुसरे उदाहरण सूचिचिकित्सेचे. जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत परंपरेनुसार ठरविलेल्या बिंदूंवर सुया टोचलेल्या ४७.६ टक्के रुग्णांना, बिंदू सोडून उथळ टोचलेल्या ४४.२ टक्के रुग्णांना आणि प्रचलित उपचार घेतलेल्या २७.४ टक्के रुग्णांना आराम पडला. सुयांच्या उपचाराचा लाभ झाला, हे नाकारता येत नाही. परंतु यिन व यांग वाहिन्यांच्या नकाशानुसार बिंदू निवडल्याने विशेष फरक पडला नाही. उपचाराचा अनुभव आणि त्याचे सैद्धान्तिक स्पष्टीकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

प्रत्येक रुग्णाचे यिन-यांग निदान वेगळे असल्याने सरसकट चाचणी अन्यायकारक ठरते, असा युक्तिवाद केला जातो. तो विचारात घेण्याजोगा आहे, परंतु त्यामुळे तपासणीच अशक्य होते असे नाही. एकाच रुग्णाचे अनेक वैद्यांनी स्वतंत्रपणे निदान करावे आणि त्यांत किती एकवाक्यता आहे ते मोजावे. तसेच निदानानुसार दिलेले औषध आणि निदान न पाहता दिलेले औषध यांची तुलना करावी. या कसोट्या परंपरेच्या स्वतःच्या दाव्यावर आधारलेल्या आहेत. त्या टाळल्या तर काय होते, याचे उदाहरण बेल्जियममध्ये घडले. १९९० च्या दशकाच्या आरंभी वजन कमी करण्यासाठी चिनी वनस्पती घेतलेल्या अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. नामसाधर्म्यामुळे एका वनस्पतीऐवजी अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असलेली दुसरी वनस्पती वापरली गेली होती. अशा विषारीपणाचा बोध शीत-उष्ण वर्गीकरणातून होत नाही. त्यासाठी रसायनशास्त्र आणि रुग्णांचा पद्धतशीर पाठपुरावा आवश्यक असतो.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतील. यिन-यांग ही संबंधवाचक परिभाषा असून तिला दोन द्रव्यांचे किंवा ऊर्जांचे रूप देणे हे तिच्या मूळ स्वरूपाशी विसंगत आहे. तिच्यात समतेचे आणि उतरंडीचे असे दोन्ही अर्थ प्राचीन काळापासून नांदत आले आहेत. त्यांपैकी कोणता अर्थ प्रभावी ठरला, हे त्या त्या काळातील समाजव्यवस्थेने ठरविले. वैद्यकात तिने निरीक्षणांची मांडणी आणि औषधयोजनेचा तर्क यांना आकार दिला. मात्र कोणता उपचार गुणकारी आहे व कोणता घातक, हे ठरविण्याचे सामर्थ्य तिच्यात नाही.

आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘मूत्रपिंडातील यिनची कमतरता’ यांसारख्या संज्ञांना मिळालेल्या स्थानाकडेही याच दृष्टीने पाहावे. ती नोंद मोजणीसाठी आहे, परिणामकारकतेचे प्रमाणपत्र म्हणून नाही. आपल्याकडील त्रिदोषांच्या संज्ञांची नोंद आता त्याच व्यवस्थेत होत असल्याने हा भेद विद्यार्थ्यांपुढे स्पष्टपणे मांडणे अध्यापकांचे कर्तव्य ठरते. तत्त्वज्ञानाच्या वर्गात या परिभाषा विचारपद्धती म्हणून, इतिहासाच्या वर्गात सत्तेची भाषा म्हणून आणि आरोग्यविज्ञानाच्या वर्गात तपासून पाहावयाची गृहीतके म्हणून शिकविल्या गेल्या, तर परंपरेचा मान राहील आणि रुग्णाचे हितही सुरक्षित राहील.